नुसतं बघायचंय!

मराठी भाषेतला सर्वांत लबाड शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं (विचारत नाही; बँकेतल्या कारकुनाला लोक 'आज सर्व्हर चालू आहे का?' याखेरीज काहीही विचारत नाहीत), तर मी तत्काळ उत्तर देईन : 'नुसतं'. 'नुसतं एक मिनिट काम होतं' असं म्हणणारा खातेदार अर्धा तास काउंटर सोडत नाही. 'नुसती सही तर करायचीय' या एका वाक्यावर जामीनदार झालेले भले भले गृहस्थ पुढे नोटीस हातात घेऊन मॅनेजरच्या केबिनबाहेर बसलेले मी पाहिले आहेत. पण या शब्दाचा सर्वांत मोठा गैरवापर होतो तो लहान मुलांच्या बाबतीत. नवराबायको दोघं नोकरी करणारे असतात, घरात दोन पोरं असतात, आणि दुपारपुरती कुणीतरी बाई हवी असते. ती बाई दारात आली, की ते जोडपं तिला एका सुरात सांगतं :

''काही करायचं नाही हो मावशी. मुलं अगदी शांत आहेत. नुसतं बघायचंय!''

मंडळी, माझं भांडण आहे ते या वाक्याशी. हे वाक्य कायद्यानं बंद करावं, निदान त्यावर जीएसटी तरी लावावा, अशा मताचा मी आहे.

'नुसतं बघायचंय' यात काय काय येतं, याची एक यादी मी कॉमर्सच्या शिस्तीनं केली होती. मुलं शाळेच्या रिक्षातून उतरवून घेणं. एकाचा डबा तसाच परत आला असेल तर तो का आला याची चौकशी करणं. वरणभात भरवणं, भरवलेला वरणभात भिंतीवरून पुसणं. एकाला झोपवणं, त्याच वेळी दुसऱ्याला त्याला उठवू न देणं. शी, शू, शेंबूड. पडलं तर फुंकर, जास्त पडलं तर डॉक्टर. गॅसपासून, गॅलरीपासून, नळाखालच्या बादलीपासून आणि शेजारच्या कुत्र्यापासून संरक्षण. शिवाय 'आई कधी येणार?' या प्रश्नाला दर दहा मिनिटांनी, न वैतागता, दर वेळी नवं उत्तर. ही सतरा कलमी यादी मी आमच्या हेडकॅशियरना दाखवली. ते म्हणाले, ''यात बघायचं कुठं आलं?'' माझाही मुद्दा तोच होता. बघायला या बाईला वेळच नसतो.

साताऱ्यात असताना आमच्या घरची परिस्थिती अशी होती : थोरला पाच वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. दोघांची बालवाडी बारा वाजता सुटायची. मी बँकेतून साडेपाचच्या आत सुटणं अशक्य. आमची सौ. साताऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका. म्हणजे दुसऱ्यांची तीसपस्तीस मुलं सांभाळण्यासाठी तिला सरकार पगार देतं, फक्त स्वतःची दोन कुठं ठेवायची एवढाच प्रश्न उरतो. तात्पर्य, दुपारी बारा ते साडेपाच असे साडेपाच तास आमची मुलं हवेत तरंगत होती. बालवाडीवाले म्हणतात, आमची जबाबदारी बारापर्यंत. कचेरी म्हणते, तुमची मुलं हा तुमचा खाजगी प्रश्न. बालवाडीची वेळ ठरवणाऱ्यानं आणि कचेरीची वेळ ठरवणाऱ्यानं एकमेकांना कधी विचारलेलं नाही. दोघांनीही मनाशी धरून ठेवलंय, की मधल्या वेळात घरी कुणीतरी रिकामं बसलेलंच असणार. हे 'कुणीतरी' नेहमी स्त्रीलिंगी असतं, हे सांगायला नकोच.

बाई शोधायला आम्ही साताऱ्यात जंग जंग पछाडलं. दूधवाले मामा, इस्त्रीवाले, पोवई नाक्यावरचा भाजीवाला, राजवाड्याजवळच्या मंदिरातले गुरव : सगळ्यांकडे निरोप ठेवले. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर चढून हाक मारायचं तेवढं राहिलं. पूर्ण वेळ काम करणारी बाई मिळते, धुणंभांड्याला मिळते. पण 'दुपारपुरती, दोन लहान मुलांसाठी' म्हटलं की समोरची बाई पदर खोचते आणि उलट आपलीच मुलाखत सुरू करते. एका मावशींनी मला सरळ विचारलं, ''साहेब, भांडी घासली की भांडी गप बसत्यात. तुमची पोरं बसतील का?'' मी निरुत्तर झालो. दुसऱ्या म्हणाल्या, ''भांड्याला तास लागतो, तेवढंच पैसं मिळत्यात. हितं पाच तास अडकून पडायचं आन् त्येवढंच द्येनार. वर पोराला खरचाटलं तर बोलनं खायचं.'' या बाईनं आयुष्यात कधी बॅलन्सशीट पाहिलं नसेल. पण जोखीम आणि मोबदला यांचं नातं तिला आमच्या कर्ज विभागापेक्षा चांगलं कळत होतं.

शेवटी सदर बझारात एका काकूंच्या घरगुती पाळणाघराचा पत्ता लागला. दर मुलामागे महिना पंधराशे. ही गोष्ट २०१७ सालची. मी सवयीनं हिशेब केला. रोजचे साडेपाच तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसदतीस अधिक शंभर तास. तासाला दहा रुपये एक्क्याण्णव पैसे. यात मूल सांभाळणं, भरवणं, झोपवणं आणि वर सांगितलेली सतरा कलमं. ते ऐकून आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ''पंधराशे? अहो, लूट आहे! नुसतं बघायचे पंधराशे?'' हे गृहस्थ आपल्या मोटारीची काच पुसायला रोज सकाळी माणूस लावतात. मोटारीला कधी 'आई कधी येणार?' असं विचारताना मी तरी ऐकलेलं नाही.

आता एका बँकवाल्याच्या नजरेनं या प्रकाराकडे पाहा. आमच्याकडे लॉकर असतात. लॉकर म्हणजे दागिन्यांचं पाळणाघरच. सौभाग्यवतींच्या पाटल्या आणि बिलवर तिथं गपचूप पडून राहतात. त्यांना भूक लागत नाही, त्या एकमेकींना चावत नाहीत. तरीही लॉकरला दोन किल्ल्या, करारनामा, वहीत वेळेची नोंद आणि सही. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधल्या वस्तूंचं नुकसान झालं, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी धरलेली आहे. पाटल्यांसाठी एवढं सगळं! आणि पोटचं पोर आपण कुठं ठेवतो? 'त्या कोपऱ्यावरच्या काकू चांगल्या आहेत म्हणतात' एवढ्या माहितीवर. ना करार, ना नोंद, ना त्या काकूंच्या घरात किती मुलांमागे किती माणसं आहेत याची विचारपूस. आम्ही फक्त दर विचारतो आणि तो कमी करून मागतो. लॉकरचं भाडं कमी करा म्हणून घासाघीस करणारा एकही गिऱ्हाईक मला बावीस वर्षांच्या नोकरीत भेटलेला नाही.

इथं वडीलधारी मंडळी घसा खाकरतात. ''आमच्या वेळी कुठं होती तुमची ती पाळणाघरं? आम्ही नाही वाढलो?''

वाढलात ना! पण कुणाच्या जिवावर वाढलात, तेवढं सांगा. वाड्यात आजी होती. दोन काकू होत्या. आणि माजघरात एक आत्या होती : विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, जिला घरातली सगळी पोरं 'अक्का' म्हणत आणि जिला 'तुला काय हवं?' असं साऱ्या जन्मात कुणी विचारलं नाही. तीच तुमचं पाळणाघर होती. तिला पगार नव्हता, रविवार नव्हता आणि नकार देण्याची सोयही नव्हती. ती पद्धत फार सुरेख होती, असं सांगणाऱ्यांत मला आजवर एकही अक्का भेटलेली नाही. सांगतात ते त्या अक्काच्या मांडीवर वाढलेले पुरुष. आज अक्का शिकते, नोकरी करते, दुसरं लग्न करते, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिनं रिकामी केलेली जागा आपण हिशेबात कधी धरलीच नाही.

आज्या उरल्या. पण सातारा-सांगलीचं दुर्दैव असं, की इथल्या आज्यांची निर्यात होते. ज्यांना नातवंडं झाली, त्यांची मुलं पुण्यात किंवा बंगळुरात. शनिवारी सकाळी पुण्याच्या एस्टीत पाहा : डिंकाचे लाडू, भडंगाची पिशवी आणि गुडघ्यांचं तेल घेऊन आज्या ड्यूटीवर निघालेल्या असतात. काहींची बदली थेट अमेरिकेला होते; व्हिसावर सहा महिने या आजी, पुढचे सहा महिने व्याही मंडळींची पाळी. ज्या वयात आम्ही बँकवाले निवृत्त होऊन सकाळी फिरायला जाऊ, त्या वयात त्यांना पूर्ण वेळ नोकरी लागते. त्या हौसेनं जातात, नातवंडं कुणाला आवडत नाहीत? पण हौस आणि गुडघे ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही.

मग दुसरा घसा खाकरला जातो : ''पण संस्काराचं काय? परक्या बाईच्या हाती मूल म्हणजे...''

पुण्याहून साताऱ्याला येताना हमरस्त्यावर कापूरहोळ लागतं. तिथली धाराऊ ही संभाजीराजांची दूधआई. सईबाई १६५९ साली गेल्या तेव्हा राजे दोन वर्षांचे होते. ज्या शाहूमहाराजांची साताऱ्याला गादी, त्यांच्या वडिलांना गावच्या एका बाईनं दूध पाजलं, आणि म्हणून त्यांच्या संस्कारात काही उणं राहिलं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? इतिहासानं त्या बाईचं नाव आणि गाव दोन्ही जपून ठेवलं. आपल्याकडे चार चार वर्षं येणाऱ्या मावशींचं आडनाव आपल्याला ठाऊक नसतं. मोबाईलमध्ये नंबर 'मावशी मुलांच्या' असा जपून ठेवलेला असतो.

आता एका हिशेबाच्या घोटाळ्याकडे वळतो, कारण तो माझा विषय आहे. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांनी मला आपुलकीनं सल्ला दिला : ''वहिनींना म्हणावं, दोनतीन वर्षं बिनपगारी रजा टाका. त्यांच्या पगारातला एवढा भाग पाळणाघराला, रिक्षाला आणि बाईला जाणार. हातात उरतं काय?'' वरवर पाहता हिशेब बिनचूक. पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की खर्च ज्या खात्याचा त्याच खात्याला टाकावा. मूल दोघांचं, आडनाव तर माझंच लावतं. मग पाळणाघराचा सगळा खर्च हिच्याच पगाराच्या नावे कसा पडला? माझ्या पगारातून वजा करून बघा, माझ्याही हातात फारसं उरत नाही. तरी 'तुम्ही सोडा की नोकरी' असं मला कुणी म्हणालं नाही. हेडकॅशियर म्हणाले नाहीत, सासरेबुवा म्हणाले नाहीत, इस्त्रीवालासुद्धा म्हणाला नाही. हिला मात्र रिक्षावाल्या काकांपासून शाळेच्या केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी सुचवून झालं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर कायदे आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवं असं सांगितलं. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. म्हणजे ज्या कारखान्यात एकोणतीस बायका कामाला, तिथं मुलं होत नसावीत. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली : सव्वीस आठवडे रजा, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर. सव्वीस आठवड्यांनी मूल सहा महिन्यांचं होतं. त्यानंतर ते स्वतःच्या पायावर उभं राहील, अशी कायद्याची अपेक्षा दिसते. आणि पन्नास माणसांची कचेरी आणायची कुठून? आमच्या शाखेत शिपाई धरून अकरा. आमच्या गल्लीतला दवाखाना, पतसंस्था, कापडाचं दुकान, छापखाना आणि क्लास या सगळ्यांची माणसं एकत्र मोजली, तर पन्नास होतील कदाचित. पण कायद्याला एकाच छपराखाली पन्नास लागतात.

अंगणवाडी? ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आली, आणि तिच्यामागची कल्पना आपल्याच महाराष्ट्रातली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळेनं त्यांच्या अंगणात जावं, असं या बाईंनी ठरवलं. पण अंगणवाडीचेही तास मोजके. दुपारचं घोंगडं भिजतंच राहतं. शिवाय त्या सेविकेला आपण देतो ते 'मानधन'. या शब्दावर माझा राग 'नुसतं'च्या खालोखाल आहे. पगार द्यायचा नसला की मान देतात. २०१८ साली केंद्रानं आपल्या वाट्याचं मानधन वाढवलं ते महिना तीन हजारांवरून साडेचार हजार. मदतनिसांचं दीड हजारांवरून सव्वादोन हजार. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यावर शेहेचाळीस वर्षं उलटून गेल्यावर. एवढ्या काळात त्यांनी सांभाळलेल्या पहिल्या मुलांना नातवंडं झाली असतील.

थोडक्यात, सरकार असो, सोसायटी असो की आपण, सगळ्यांची समजूत एकच : मूल सांभाळणं हे काम नाही. ती माया आहे, आणि मायेचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणूनच बाईला कामावर ठेवताना आपण दुसरं लाडकं वाक्य उच्चारतो : ''आम्ही तुम्हाला अगदी घरच्यासारखं ठेवू.'' घरच्या बाईला पगार नसतो, रजा नसते, निवृत्ती नसते आणि केलेल्या कामाची कुणी नोंद ठेवत नाही. हे लक्षात घेतलं, तर 'घरच्यासारखं' हे आमिष नसून धमकी आहे!

हे घरच्यासारखं प्रकरण मी सांगलीला जवळून पाहिलं. जून २०१९ मध्ये माझी बदली सांगलीला झाली. सौ.चीही खटपटीनं तिकडं सोय झाली आणि आम्ही विश्रामबागेत बिऱ्हाड थाटलं. तिथंही जवळच एक काकू घरी सातआठ मुलं सांभाळायच्या. दोन महिने होतात न होतात तोच ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ सालच्या महापुरालाही मागं टाकलं. गावभाग, मारुती चौक, स्टेशन चौक सगळं पाण्यात. विश्रामबागेकडचा भाग उंचावर म्हणून वाचला. ज्यांची घरं पाण्याकडे होती, ते आईबाप ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या माडीवर चढवत होते, म्हाताऱ्यांना नावेतून काढत होते. आणि त्यांची पोरं काकूंकडे. सहा वाजता घेऊन जायची बोली होती. काहींना न्यायला कुणी आलं ते तिसऱ्या दिवशी. दूध नाही, दिवे नाहीत, पिण्याच्या पाण्याची मारामार. काकूंनी पाच मुलांना खिचडी करून घातली, भेंड्या लावल्या, रात्री रांगेनं झोपवलं. एक मुलगा रात्री रडायचा, त्याला मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या.

पूर ओसरल्यावर सगळे आईबाप भरल्या डोळ्यांनी आले. ''काकू, अगदी घरच्यासारखं केलंत हो!'' आणि महिनाअखेरीला त्यातल्याच एका गृहस्थांनी त्या महिन्याच्या फीतून चार दिवसांचे पैसे कापले. कारण काय, तर पुढचे चार दिवस त्यांनी मुलाला तासगावला मामाकडं ठेवलं होतं. ''मूल आलंच नाही, तर बघायचे पैसे कसले?'' आधीचे तीन दिवस आणि तीन रात्री मूल काकूंकडेच होतं, त्याचे जादा पैसे? ते कुणी विचारू नये. ती माया होती.

मात्र माझं सगळं हसू जिथं थांबतं, ती गोष्ट अजून सांगायचीच आहे.

साताऱ्याला त्या पाच तास अडकून पडायला तयार नसलेल्या मावशी होत्या ना, त्यांना मी सहज विचारलं होतं, ''मावशी, तुम्ही दिवसभर चार घरची कामं करता, मग तुमची लहान मुलं कुणाकडं असतात?''

त्या म्हणाल्या, ''थोरली हाय की. नऊ वरसाची. ती बघती धाकट्याला. काय करायचं नसतंय, नुसतं बघायचंच तर असतंय.''

मी हे घरी सांगितलं. सौ. वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ''माझ्या वर्गात तसल्या तीन आहेत.'' एक कडेवर भावाला घेऊन येते आणि दाराशी बसते, कारण आत बसलं की तो रडतो. एक आठवड्यातून दोन दिवस येते. तिसरी हजेरीपटावर आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाल्यापासून सगळ्याच मुली हजेरीपटावर असतात. ''आणि ऊसतोड सुरू झाली, की फडात आईबाप कोयता चालवतात तेव्हा कोपीपाशी तान्ह्याला कोण बघतं, तेही एकदा जाऊन बघा,'' एवढं बोलून ती पुन्हा वह्यांत शिरली.

म्हणजे सातारा-सांगलीत पाळणाघरं नाहीत असं नाही. गल्लोगल्ली, फडोफडी आहेत, आणि त्या आठनऊ वर्षांच्या मुली चालवताहेत. त्यांना तासाला दहा रुपये एक्क्याण्णव पैसेही मिळत नाहीत. फी त्याच भरतात, चौथीपाचवीच्या अभ्यासाच्या रूपानं. आपण मावशींना दोन पैसे कमी देतो, मावशी दुसरी बाई ठेवू शकत नाहीत, आणि शेवटची वसुली होते ती त्या थोरलीकडून. आमच्या बँकेत याला थकबाकी पुढं ढकलणं म्हणतात. कुणीतरी, कधीतरी ती भरतंच. ताराबाई मोडकांना आणि अनुताई वाघांना हे दिसलं होतं. कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून 'विकासवाडी' चालवली, कारण धाकट्याची सोय लागल्याशिवाय थोरली शिकू शकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. सावित्रीबाई फुले आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालायला आम्ही सगळे असतो. त्या दिवशी हार घालणाऱ्यांनी एकदा वर्गाच्या दाराशी भावाला घेऊन बसलेल्या मुलीकडेही पाहावं.

मग करायचं काय? मी पुढारी नाही, कारकून आहे. माझ्या मागण्याही कारकुनी आहेत. पाळणाघरवाल्या काकूंशी किंवा मावशींशी एक कागद करावा : तास किती, पैसे किती, आठवड्याची सुट्टी कोणती, आजारपणाची पगारी रजा किती, उशीर झाला तर जादा किती. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला आहे. आपल्याकडच्या मावशींची नोंदणी करून द्यायला आपण अर्धा दिवस रजा टाकावी. ज्या सोसायटीत गणपतीचा मांडव ठेवायला खोली आहे आणि व्यायामशाळेत गंजलेली सायकल आहे, तिथं दुपारी एक खोली मुलांना द्यावी. २०२२ साली केंद्रानं अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' नावाची योजना काढली आहे. ती आपल्या वॉर्डात कधी येणार, हे नगरसेवकाला गटारापेक्षा एकदा तरी जास्त वेळा विचारावं. आणि हा सगळा खर्च घरात मांडताना तो दोघांच्या खात्यावर निम्मा निम्मा टाकावा.

एवढ्यावरही कुणाला वाटत असेल, की मी राईचा पर्वत करतोय, आणि मुलांना काय, नुसतं तर बघायचं असतं. तर अशा गृहस्थांसाठी माझी खुली योजना आहे. त्यांनी कुठल्याही कामाच्या दिवशी बारा वाजता यावं. दोन मुलं ताब्यात घ्यावीत. रीतसर पावती मिळेल. दर तासाला दहा रुपये एक्क्याण्णव पैसे, रोख. साडेपाचपर्यंत त्यांनी मुलांना सांभाळावं.

मी समोर खुर्ची टाकून बसेन. मला काही करायचं नाही. मी नुसतं बघेन.